गुठळी विरघळवणारं इंजेक्शन: न दिल्याचा हिशोब कोण मांडणार?

रात्रीचे अडीच वाजलेले. बाईंचं वय 58, घोट्याचं हाड मोडलं म्हणून महिनाभर पाय प्लास्टरमध्ये, त्या रात्री बाथरूममधून येताना एकदम धाप लागली आणि खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत, मुलाने उचलून आणलं. वरचं बीपी 78, ऑक्सिजन 84, नाडी 130, हातपाय गार. मी तेव्हा ज्युनियर होते. इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, मशीन ढकलत आणलं, प्रोब छातीवर टेकवला आणि पडद्यावर जे दिसलं ते आजही डोळ्यासमोरून जात नाही. हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्यापेक्षा मोठा झालेला, आणि डावा कप्पा, जो सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, तो चपटा होऊन कडेला दाबला गेलेला, प्रत्येक ठोक्याला नुसता थरथरत होता.

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की फुफ्फुसात रक्ताची मोठी गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं औषध होतं. तरी पुढची चाळीस मिनिटं काय झालं तर कुणी म्हणालं आधी सीटी करून खात्री करू, कुणी म्हणालं ब्लीडिंग झालं तर जबाबदारी कुणाची, सिनियरना फोन लावला, ते म्हणाले नातेवाईकांची सही घ्या मग बघू, मग कागद शोधला, त्यावर लिहिलेलं की मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येऊ शकतो. मुलाने तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, हे दिलं आणि आई गेली तर ते मी सही केली म्हणून ना?" मला उत्तर देता आलं नाही. तो बहिणीला फोन करायला बाहेर गेला, आम्ही बाईंना सीटीला नेलं, आणि ट्रॉलीवरून मशीनच्या टेबलावर घेतानाच हृदय बंद पडलं. इंजेक्शन शेवटी दिलं, छाती दाबत असताना. त्या परत आल्या नाहीत.

केसपेपरवर मृत्यूचं कारण लिहिलं, पल्मनरी एम्बोलिझम, म्हणजे फुफ्फुसात अडकलेली गुठळी, आणि विषय संपला. एकाही माणसाने विचारलं नाही की चाळीस मिनिटं का गेली. आता असं समजा की आम्ही पहिल्या दहा मिनिटात इंजेक्शन दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला असता. मग मीटिंग झाली असती, फाइल मागवली असती, कुणी दिलं, का दिलं, सीटीशिवाय कसं दिलं, सगळं विचारलं गेलं असतं. औषध देऊन माणूस गेला तर तो डॉक्टरच्या हातून गेला आणि न देता गेला तर आजाराने गेला, असा हा हिशोब आहे. मला आज जे म्हणायचंय ते या हिशोबाबद्दलच आहे, कारण माझ्या मते फुफ्फुसातल्या गुठळीने कोसळलेली माणसं वाचायची राहतात ती औषध नसल्यामुळे जेवढी, तेवढीच या एकतर्फी हिशोबामुळे.

आधी नेमकं होतं काय ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. गुठळी बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरांमध्ये तयार होते. बराच काळ हालचाल बंद असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर असेल, गरोदरपण किंवा बाळंतपण असेल, काही हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर शक्यता वाढते. ती सुटते, वर सरकते, हृदयाच्या उजव्या बाजूने आत जाते आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अडकते. लोकांना वाटतं की माणूस श्वास अडकून मरतो. खरं तर मारतं ते उजव्या कप्प्याचं थकणं. हा कप्पा पातळ भिंतीचा असतो, त्याला आयुष्यभर कमी दाबाविरुद्ध काम करायची सवय. फुफ्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब साधारण 15 असतो, शरीराकडच्या बाजूला तोच 90 च्या आसपास. समोर अचानक बूच बसलं की एरवी निरोगी असलेला उजवा कप्पासुद्धा साधारण 40 च्या वर सरासरी दाब तयार करू शकत नाही, तो फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात रक्त पोचत नाही, बीपी पडतं, बीपी पडलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त कमी मिळतं, त्याने उजवा कप्पा अजून थकतो. हे चक्र एकदा सुरू झालं की ते तासांवर नाही, कधीकधी मिनिटांवर येतं. (आणि बीपी कमी म्हणून सलाइनच्या बाटल्या भराभर सोडणं हा इथे फार वाईट उपाय आहे, आधीच फुगलेल्या कप्प्यात अजून पाणी ओतलं जातं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अजूनही होताना दिसतं.)

आता औषधं. हेपॅरिन आणि त्याच्या जातीची जी औषधं आहेत त्यांना सगळे रक्त पातळ करणारी औषधं म्हणतात, पण त्यांनी रक्त पातळ वगैरे होत नाही आणि झालेली गुठळीही विरघळत नाही. ती नवीन गुठळी बनू देत नाहीत, असलेली वाढू देत नाहीत, आणि मग शरीर स्वतःच्या वेगाने जुनी गुठळी कुरतडत बसतं, दिवसच्या दिवस, आठवडेसुद्धा. बहुतेक पेशंटना तेवढं पुरतं, आणि ते छोटं काम नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन यांनी जो प्रयोग केला त्यात औषध न मिळालेल्या 19 जणांपैकी 5 जण गुठळीने गेले, औषध मिळालेल्या 16 जणांपैकी गुठळीने कुणीच गेलं नाही. तेव्हापासून हेपॅरिन ही पायाची वीट आहे आणि राहील.

विरघळवणारं औषध वेगळं. गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. त्या जाळ्यातच प्लाझ्मिनोजेन नावाचं एक प्रथिन झोपलेलं असतं. अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज त्याला जागं करतं, त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते धागे कापत सुटतं. जुनं स्ट्रेप्टोकायनेजही शेवटी हेच करतं, फक्त वेगळ्या वाटेने. ते 1933 मध्ये टिलेट आणि गार्नर यांना एका जिवाणूत सापडलेलं. अल्टेप्लेजचा ठरलेला डोस 100 मिलिग्रॅम, 2 तासात. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे, एकाच झटक्यात शिरेत. अडचण एकच आहे पण ती मोठी आहे: या औषधाला वाईट गुठळी कुठली आणि उपयोगाची कुठली हे कळत नाही. फुफ्फुसातलं बूच कापतं तसंच ते पोटातल्या अल्सरवर बसलेली खपली कापतं, ऑपरेशनच्या जागेवरचं बूच कापतं, आणि मेंदूतल्या एखाद्या नाजूक रक्तवाहिनीची डागडुजी शरीराने जिथे केलेली असते तीही कापतं. म्हणून आधी कधी मेंदूत रक्तस्राव झालेला, अलीकडे स्ट्रोक झालेला, मेंदूत ट्यूमर असलेला, तीन आठवड्यात मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार बसलेला, आत्ता कुठून तरी रक्त वाहत असलेला, अशा माणसाला द्यायच्या आधी दहादा विचार करावा लागतो आणि बऱ्याचदा दुसरा मार्ग शोधावा लागतो. माझ्या त्या बाईंना यातलं काहीही नव्हतं. ते विचारायला दोन मिनिटं लागतात.

तर औषधाची भीती खोटी नाही हे मला मान्य आहे, आणि ती किती खरी आहे हे आकड्यात सांगितल्याशिवाय हा वाद प्रामाणिक होणार नाही. 1999 मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय नोंदवही प्रसिद्ध झाली, 7 देशांतली 52 हॉस्पिटलं, 2454 पेशंट. त्यात गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्यांपैकी 3 टक्के लोकांच्या कवटीच्या आत रक्तस्राव झाला. शंभरात तीन. घरच्या माणसासाठी हा आकडा लहान नाही. पण त्याच नोंदवहीत बीपी कोसळलेले जे 108 पेशंट होते त्यातले 90 दिवसांत निम्म्याहून जास्त गेले, आणि या 108 मधल्या दोन तृतीयांश लोकांना ना विरघळवणारं औषध मिळालं ना ऑपरेशन. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एका बाजूला शंभरात तीन, दुसऱ्या बाजूला शंभरात पन्नासहून जास्त, आणि आपण घाबरतोय तीनला.

अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या हॉस्पिटल नोंदींवरून 2012 मध्ये एक अभ्यास आला, त्यात अस्थिर अवस्थेत असलेल्या 72 हजारांवर पेशंटपैकी जेमतेम 30 टक्क्यांना हे औषध दिलं गेलं होतं. ज्यांना दिलं त्यांच्यात मृत्यू 15 टक्के, ज्यांना नाही दिलं त्यांच्यात 47 टक्के. यावर लगेच हुरळून जाऊ नका, कारण जे अगदी मरायला टेकलेले, खूप म्हातारे किंवा कॅन्सरवाले होते त्यांना मुळात औषध द्यायचं टाळलं गेलं असणार, त्यामुळे तुलना सरळ नाही. वर सांगितलेल्या त्या 108 मध्ये तर औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्यांच्या मृत्यूत ठाम फरक दिसलाही नव्हता. मी हे लपवत नाहीये. पण 70 टक्के लोकांना औषध वर्ज्यच होतं यावर माझा विश्वास बसत नाही. यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कुणीतरी कागद हातात घेऊन थांबलं असणार, आमच्यासारखंच.

विरोधात बोलणाऱ्यांचा सगळ्यात जड मुद्दा हा की कोसळलेल्या पेशंटमध्ये चिठ्ठ्या टाकून, म्हणजे रँडमाइज करून केलेला पुरावा आहेच किती? खरंय, तो हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे. 1995 मध्ये मेक्सिकोमधला एक प्रयोग आहे, एकूण पेशंट 8. चौघांना स्ट्रेप्टोकायनेज आणि हेपॅरिन, चौघांना नुसतं हेपॅरिन. पहिले चारही जगले, दुसरे चारही गेले, आणि प्रयोग तिथेच थांबवला. त्यातही हेपॅरिनवाले चौघं मुळात उशिरा पोचलेले होते. आठ माणसांवर शास्त्र उभं करायचं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन नाही, पण मग पुढचा प्रश्न असा की कोसळणाऱ्या शंभर माणसांना मुद्दाम नुसत्या हेपॅरिनवर ठेवून बघणारा मोठा प्रयोग आता कोण करेल आणि कुठली एथिक्स कमिटी त्याला हो म्हणेल? आजाराची चाल माहीत आहे, औषध काय करतं ते माहीत आहे, ते दिल्यावर उजव्या कप्प्यावरचा ताण काही तासात उतरतो हे इकोवर दिसतं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बीपी कोसळलेल्या पेशंटला हे औषध द्या असं सर्वात वरच्या दर्जाच्या शिफारशीत लिहिलंय. म्हणजे शंका घ्यायला जागा असेल ती वाचनालयात बसून घ्यावी, रात्री अडीचला ट्रॉलीशेजारी ती घ्यायची वेळ नसते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल मग द्या ना सगळ्यांना. इथे मी तितक्याच ठामपणे उलट्या बाजूला उभी आहे.

काही वर्षांनी एक पेशंट आला, 42 वर्षांचा, दोन दिवस दम लागतोय म्हणून स्वतः चालत आलेला. सीटीमध्ये फुफ्फुसाच्या मुख्य धमनीच्या दुभाजकावर घोड्याच्या खोगिरासारखी पसरलेली मोठी गुठळी, दोन्ही बाजूंना पाय लोंबत असल्यासारखी. ती फिल्म बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण बीपी 124, बोलताना वाक्य पूर्ण करत होता, ऑक्सिजन थोडा लावल्यावर 96. इकोमध्ये उजवा कप्पा थोडा फुगलेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन वाढलेलं. त्याचा मोठा भाऊ फोनवर काय काय वाचून आलेला, मला म्हणाला की एवढी मोठी गुठळी आहे आणि तुम्ही हेपॅरिनची साधी पोटावरची इंजेक्शनं देताय, विरघळवणारं औषध आहे ना, मग माझ्या भावाला का नाही? त्याचा राग मला समजत होता. डोळ्यांना गुठळी दिसते, उजव्या कप्प्यात अजून शिल्लक असलेली ताकद दिसत नाही.

अशाच पेशंटसाठी, म्हणजे बीपी ठीक पण हृदयावर ताण आहे अशांसाठी, 2014 मध्ये युरोपातून एक मोठा प्रयोग आला, पायथो नावाचा, 1005 पेशंट. अर्ध्यांना हेपॅरिनबरोबर टेनेक्टेप्लेज, अर्ध्यांना हेपॅरिन आणि नुसतं पाणी. सात दिवसांत मृत्यू किंवा बीपी कोसळणं हे दोन्ही मिळून टेनेक्टेप्लेजच्या बाजूला 2.6 टक्के आणि दुसऱ्या बाजूला 5.6 टक्के. ऐकायला छान वाटतं. पण नुसते मृत्यू मोजले तर 6 विरुद्ध 9, म्हणजे ठाम काही म्हणता येईल असा फरकच नाही. आणि स्ट्रोक? टेनेक्टेप्लेज मिळालेल्यांत 12 जणांना, त्यातले 10 रक्तस्रावाचे, दुसऱ्या बाजूला 1. मेंदू सोडून बाकी ठिकाणचं मोठं ब्लीडिंग 6.3 टक्के विरुद्ध 1.2 टक्के. या लोकांना पुढे काही वर्षं बघत राहिले तेव्हाही औषध मिळालेले जास्त जगले किंवा त्यांचा दम कमी झाला असं काही दिसलं नाही. आणि हे तसं नवीनही नाही, 1970 मध्ये युरोकायनेजचा 160 पेशंटवरचा प्रयोग झाला होता त्यातही पहिल्या 24 तासात विरघळवणारं औषध पुढे होतं आणि आठवड्याभराने दोन्ही गटांची फुफ्फुसं साधारण सारखीच झाली होती.

म्हणजे बीपी ठीक असलेल्या माणसाला हे औषध देऊन आपण काय विकत घेतो, तर एक-दोन दिवसांचा वेग, आणि त्याची किंमत काही जण अर्धांगवायूने किंवा जिवाने मोजतात. वयाने मोठी माणसं, विशेषतः 75 च्या पुढची, जास्त मोजतात. त्या 42 वर्षांच्या माणसाला मी दिलं नाही. भावाला सांगितलं की औषध फ्रिजमध्ये त्याच्या नावाने काढून ठेवलंय, बीपी 100 च्या खाली यायला लागलं, नाडी चढायला लागली तर पाच मिनिटांत देऊ, पण तोवर देणार नाही, आणि तोवर आम्ही इथून हलणार नाही. सहा दिवसांनी तो गोळ्या घेऊन घरी गेला. भाऊ जाताना काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

आणि इथेच मला या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग दिसतो. थांबायचं ठरवणं म्हणजे झोपायला जाणं नव्हे. पायथोमध्ये नुसतं हेपॅरिन मिळालेल्या शंभरातल्या पाच जणांचं बीपी नंतर कोसळलं होतं. त्यांना त्या क्षणी औषध देता यावं म्हणून कुणीतरी बघत असायला लागतं, मॉनिटर लागतो, पहिले दोन-तीन दिवस तरी. प्रत्यक्षात काय होतं, बीपी ठीक आहे ना मग पाठवा जनरल वॉर्डला, तिथे रात्री चाळीस पेशंटमागे एक सिस्टर, चार-चार तासांनी बीपी, आणि नाडी 96 वरून 112, 112 वरून 128 अशी चढत जाते ते चार्टवर व्यवस्थित लिहिलेलंही असतं पण ते तीन आकडे एकत्र कुणी वाचत नाही. सकाळी राउंडला कळतं. अशा हॉस्पिटलने "आम्ही पुराव्याप्रमाणे थांबलो" असं म्हणू नये, कारण पुराव्यातले पेशंट असे सोडून दिलेले नव्हते. कमी स्टाफमध्ये काम करणाऱ्या सिस्टरला यात दोष देणारी मी शेवटची व्यक्ती असेन, दोष आहे तो बीपी ठीक पण हृदयावर ताण अशा मधल्या गटातल्या पेशंटसाठी मॉनिटरचा बेड राखून न ठेवणाऱ्यांचा.

मधला रस्ता म्हणून कमी डोसचं बोललं जातं, 100 च्या ऐवजी 50 मिलिग्रॅम. 2013 मध्ये 121 पेशंटवर एक प्रयोग झाला त्यात ब्लीडिंग दिसलं नाही, पण ते एकाच ठिकाणचं छोटं काम आहे, त्यावर सगळ्यांचं आयुष्य लावायला मी तयार नाही. याच प्रश्नावर मोठा प्रयोग हाती घेतलाय आणि तोच खरा मार्ग. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थेट गुठळीत नेऊन थोडंच औषध सोडायचं किंवा गुठळी ओढून काढायची, हेही आलंय आणि ज्यांना शिरेतून औषध देता येत नाही त्यांच्यासाठी ते मोलाचं आहे. फक्त यंत्र नवीन आहे म्हणून ते चांगलं असं समजू नये एवढंच. इकोवरचं चित्र 24 तासात सुधारलं हे सिद्ध होणं आणि माणसं जास्त जगली हे सिद्ध होणं यात बराच फरक आहे, तो वर 1970 च्या गोष्टीत दिसलाच.

मग करायचं काय? 2012 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने फक्त फुफ्फुसातल्या गुठळीसाठी एक टीम सुरू केली, एक फोन केला की हृदयाचे, फुफ्फुसाचे, आयसीयूचे, सर्जरीचे लोक एकत्र बोलून तिथल्या तिथे ठरवतात. पुढे बऱ्याच ठिकाणी तशा टीम झाल्या. प्रत्येक हॉस्पिटलला सात तज्ज्ञ रात्री जागे ठेवणं जमणार नाही हे मला कळतं. पण त्या कल्पनेतला जो गाभा आहे, की निर्णय कसा घ्यायचा हे पेशंट यायच्या आधी ठरलेलं असावं, तो एका पानात मावतो. वरचं बीपी 90 च्या खाली पंधरा मिनिटं राहिलं किंवा बीपी टिकवायला औषध सुरू करावं लागलं, इकोत उजवा कप्पा फुगलेला आणि दुसरं कारण दिसत नाही, वर्ज्य गोष्टींचे सहा-सात प्रश्न विचारून झाले, तर ड्युटीवरचा डॉक्टर स्वतःच्या अधिकारात औषध देईल, सीटीसाठी थांबणार नाही, सिनियरला फोन करेल तो कळवायला, परवानगी मागायला नाही. औषध कॅज्युअल्टीतच असेल, दोन मजले खाली कुलपात नाही. हृदय बंद पडल्यावर दिलं तर छाती दाबणं किमान तासभर तरी चालू ठेवायचं, कारण औषधाला काम करायला वेळ लागतो, दहा मिनिटांत थांबायचं असेल तर दिलंच कशाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या पानाखाली हॉस्पिटलच्या प्रमुखाची सही असेल की यात लिहिल्याप्रमाणे दिलं आणि ब्लीडिंग झालं तर आम्ही त्या डॉक्टरच्या मागे उभे आहोत.

त्याच्या जोडीला एक गोष्ट हवी जी अजून कुठे नीट होताना मी पाहिली नाही. फुफ्फुसातल्या गुठळीने गेलेल्या प्रत्येक पेशंटची फाइल पुन्हा वाचायची, औषध दिलेल्याचीही आणि न दिलेल्याचीही, आणि दोन्हींना तोच प्रश्न विचारायचा: का? आज फक्त दिलेल्याला विचारला जातो. ज्या दिवशी न दिलेल्यालाही विचारला जाईल, की बीपी 78 वर असताना चाळीस मिनिटं कशासाठी गेली, त्या दिवशी ड्युटीवरच्या मुलांच्या हातातला तो कागद जरा हलका होईल असं मला वाटतं.

राहिला नातेवाईकांचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. सही घेणं आवश्यक आहे, लोकांना धोका कळलाच पाहिजे, यावर वाद नाही. पण आम्ही सहीच्या नावाखाली निर्णयच त्यांच्या गळ्यात टाकतो. ज्या मुलाला तासाभरापूर्वीपर्यंत ही गुठळी काय असते तेही माहीत नव्हतं, त्याला आम्ही रक्तस्रावाची टक्केवारी वाचून दाखवतो, न दिल्यास काय होईल याची टक्केवारी कागदावर छापलेलीच नसते, आणि मग म्हणतो सांगा तुम्ही. त्याला फक्त एकाच दरवाजामागचा वाघ दाखवलेला असतो. तो मुलगा आज कुठे असेल माहीत नाही. त्याला बहुतेक वाटत असेल की आपण फोन करायला गेलो म्हणून उशीर झाला. उशीर त्याच्यामुळे झाला नव्हता, आणि हे त्याला त्या रात्री कुणीतरी, म्हणजे मी, सांगायला हवं होतं.

आता मी कागद पुढे करायच्या आधी शेजारी बसते. सांगते की आईच्या फुफ्फुसाच्या नळीत गुठळी अडकली आहे, हृदयाची उजवी बाजू दमली आहे, काहीच जास्तीचं केलं नाही तर वाचण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी आहे. एक औषध आहे, ते मी द्यायचं ठरवलंय. त्याने शंभरात दोन-तीन जणांना मेंदूत रक्तस्राव होतो, त्यातले काही जातात, काही लुळे होतात, इतर ठिकाणी ब्लीडिंग होण्याची शक्यता त्याहून जास्त आहे आणि त्यासाठी रक्त मागवून ठेवलंय. हे माहीत असूनही मी देतेय कारण न देणं आज जास्त धोक्याचं आहे. निर्णय माझा आहे, तुमची सही एवढ्यासाठी की मी तुम्हाला सगळं सांगितलं, तुमचा विरोध असेल तर आत्ता सांगा. बहुतेक जण सही करतात, हात थरथरत असतो, आणि मग एकच विचारतात, मॅडम, किती वेळात कळेल? मी सांगते, औषध पूर्ण जायला दोन तास, पण बीपी बऱ्याचदा त्याआधीच वर यायला लागतं, या काचेतून मॉनिटर दिसतो, वरून दुसरा आकडा बघत राहा, मी आतच आहे.